लेपर्ड सीलचा अधिवास व विस्तारक्षेत्र : ‘भरकटलेला प्राणी’ या संकल्पनेची ऐतिहासिक चिकित्सा

बीजसंज्ञा : लेपर्ड सील, अधिवास, विस्तारक्षेत्र, अंटार्क्टिका, पर्यावरणीय इतिहास, बिबट्या, ठाणे जिल्हा

प्रस्तावना

नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतील एका निवासी इमारतीत बिबट्या शिरला. काही रहिवासी जखमी झाले आणि अनेक तासांच्या प्रयत्नांनंतर वनखात्याने त्यास बेशुद्ध करून जेरबंद केले. त्यापूर्वी फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाणे शहरातील एका मॉलच्या परिसरात बिबट्या आढळला होता. कोपर, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात अशा घटनेनंतर रेल्वेच्या डब्यापासून प्राध्यापक कक्षापर्यंत एकच शब्दप्रयोग ऐकू येतो, तो म्हणजे ‘वाट चुकलेला बिबट्या’. या शब्दप्रयोगात एक गृहीतक दडलेले आहे. या प्राण्याचे खरे घर अन्यत्र आहे, त्या घराची सीमा ठरलेली आहे आणि ती ओलांडून तो आपल्या हद्दीत आला आहे, असे ते गृहीतक होय.

प्राण्याच्या घराची ही सीमा कोण ठरवतो, कधी ठरवतो आणि कोणत्या पुराव्यावर ठरवतो, हा प्रश्न वरकरणी प्राणिशास्त्राचा वाटतो. वास्तविक तो इतिहासाचाही आहे. विस्तारक्षेत्राचा नकाशा हा नोंदींवरून काढला जातो. नोंद करण्यासाठी माणूस तेथे असावा लागतो. माणूस तेथे का गेला, किती काळ राहिला व त्याने काय लिहून ठेवले, हे सर्व इतिहासाच्या कक्षेत येते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत निबंधात दक्षिण ध्रुवीय सागरातील लेपर्ड सील या प्राण्याची निवड केली आहे. मराठीत त्यास ‘बिबट्या सील’ म्हणता येईल. भारताच्या किनाऱ्यावर सीलची कोणतीही जाती राहत नाही, त्यामुळे हा विषय आपल्यापासून फार दूरचा वाटेल. परंतु या निवडीस दोन कारणे आहेत. न्यूझीलंडमध्ये या सीलला दीर्घकाळ ‘भरकटलेला’ या वर्गात ठेवले गेले आणि २०१९ मध्ये तो शिक्का अधिकृतपणे काढण्यात आला. म्हणजेच ‘वाट चुकलेला’ ते ‘रहिवासी’ असा शब्दाचा प्रवास येथे कागदोपत्री तपासता येतो. दुसरे म्हणजे, या सीलच्या प्रदेशाशी आपला संबंध १९८१ पासून आहे आणि तो गोव्याच्या किनाऱ्यावरून सुरू झालेला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) लेपर्ड सीलच्या अधिवासाविषयीचे ज्ञान कोणत्या टप्प्यांनी घडत गेले, याचा मागोवा घेणे. (२) ‘भरकटलेला’ या वर्गवारीचा ऐतिहासिक आधार तपासणे. (३) या प्रक्रियेत भारताच्या, विशेषतः गोव्यातील संस्थांच्या सहभागाचे स्थान पाहणे. (४) ठाणे जिल्ह्यातील बिबट्याच्या संदर्भात या विवेचनाचा उपयोग काय, याचा विचार करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

१. नाव आणि नावातील गोंधळ

लेपर्ड सीलचे शास्त्रीय नाव हायड्रुर्गा लेप्टोनिक्स असे आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ब्लेनव्हिल याने १८२० मध्ये या जातीचे वर्णन केले आणि तिला फोका लेप्टोनिक्स हे नाव दिले. पुढे १८४८ मध्ये गिस्टेल याने हायड्रुर्गा ही स्वतंत्र प्रजाती मांडली. लेप्टोनिक्स या ग्रीक शब्दाचा अर्थ बारीक नखांचा असा आहे. एवढ्या बलाढ्य शिकारी प्राण्यास त्याच्या लहान नखांवरून नाव मिळावे, याचे कारण त्या काळच्या अभ्यासपद्धतीत आहे. जिवंत प्राणी ज्या सागरात वावरत होता तेथपर्यंत युरोपातील शास्त्रज्ञ क्वचितच पोहोचले होते. जहाजांनी आणलेली कातडी व कवट्या संग्रहालयांत येत आणि त्यांवरून वर्णन होत असे. अशा वर्णनात अवयव असतात, घर नसते.

ही जहाजे कोणती होती, हे येथे महत्त्वाचे आहे. कॅप्टन जेम्स कुक याने १७७३ मध्ये अंटार्क्टिक वृत्त ओलांडले आणि १७७५ मध्ये तो साउथ जॉर्जिया बेटावर उतरला. त्याच्या वृत्तान्तातून या बेटांवरील सीलांची माहिती युरोप व अमेरिकेत पसरली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सीलच्या शिकारीची जहाजे तेथे जाऊ लागली. त्यांना हवे होते फर सीलचे कातडे आणि एलिफंट सीलचे तेल. लेपर्ड सीलला फरही नव्हती आणि तो कळपाने किनाऱ्यावरही येत नव्हता. त्यामुळे शिकाऱ्यांना त्यात फारसे स्वारस्य नव्हते. या अनास्थेने त्याचा जीव वाचला, पण त्याच कारणाने त्याची नोंदही तुटक राहिली. बाजारात ज्याला भाव असतो त्याचाच हिशेब ठेवला जातो, हा वसाहतकालीन दप्तराचा नियम येथेही लागू पडतो.

नावातील गोंधळाचे एक बोलके उदाहरण जेम्स वेडेल या खलाशाचे आहे. १८२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात साउथ ऑर्कनी बेटांवरील ‘समुद्री बिबट्या’चे चित्र आहे. प्रत्यक्षात तो प्राणी लेपर्ड सील नव्हता. अंगावरील ठिपक्यांमुळे वेडेलने ज्यास समुद्री बिबट्या म्हटले, ती वेगळी जाती निघाली आणि आज ती वेडेलच्याच नावाने वेडेल सील म्हणून ओळखली जाते. आपल्याकडील वाचकास याचे नवल वाटू नये. पट्टेरी वाघ आणि बिबळ्या या दोघांनाही ग्रामीण भागात ‘वाघ’च म्हटले जाते आणि वाघोबाच्या एकाच पाषाणात दोघांचीही पूजा होते. अशा वेळी जुन्या नोंदीतील ‘वाघ’ नेमका कोणता, हे अभ्यासकाला संदर्भावरून ठरवावे लागते. ‘समुद्री बिबट्या’च्या जुन्या नोंदींबाबतही हीच दक्षता आवश्यक ठरते.

२. बर्फपट्ट्यातील अधिवास

लेपर्ड सील हा दक्षिण ध्रुवीय सागरातील तरंगत्या बर्फपट्ट्याचा रहिवासी होय. क्रॅबईटर, वेडेल व रॉस सील हे त्याचे जवळचे आप्त असून तेही याच प्रदेशात राहतात. मादी नरापेक्षा मोठी असते. पूर्ण वाढलेल्या मादीची लांबी तीन मीटरहून अधिक भरते. पेंग्विन, इतर सीलांची पिले, मासे, माखली आणि क्रिल हा कोळंबीसारखा लहान जीव असा त्याचा व्यापक आहार आहे. त्याचे सुळे मांसभक्षकाचे आहेत, तर दाढा त्रिशूळासारख्या असून त्या एकमेकींत बसल्या की त्यांची गाळणी तयार होते. पाणी तोंडात ओढून या गाळणीतून क्रिल टिपण्याची त्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी बंदिस्त सीलांच्या निरीक्षणातून २०१३ मध्ये दाखवून दिली. अन्नसाखळीच्या शिखरावरील हा प्राणी तिच्या पायथ्याजवळच्या जीवांवरही जगतो, ही बाब त्याच्या विस्ताराचे स्वरूप समजण्यासाठी उपयुक्त आहे.

त्याचे घर स्थिर नाही. अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ फेब्रुवारीत सुमारे ३० लाख चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसतो आणि सप्टेंबरमध्ये सुमारे १८० लाख चौरस किलोमीटरपर्यंत पसरतो, असे गेल्या काही दशकांचे सर्वसाधारण प्रमाण आहे. म्हणजे दरवर्षी घराचे क्षेत्रफळ सहापट वाढते व पुन्हा घटते. दक्षिणेकडील वसंतात, मुख्यत्वे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मादी बर्फावर एकच पिलू घालते. हिवाळ्यात बर्फाची कड उत्तरेकडे सरकली की काही सील, विशेषतः तरुण वयाचे, साउथ जॉर्जिया, हर्ड, कर्गेलेन, मॅक्वारी अशा उप-अंटार्क्टिक बेटांपर्यंत पोहोचतात.

अशा प्राण्याच्या बाबतीत नकाशावर एक रेघ ओढून ‘येथपर्यंत घर, येथून पुढे परका मुलूख’ असे म्हणणे कितपत योग्य, हा प्रश्न उपस्थित होतो. धनगरांच्या वाड्याचे घर कोणते, पावसाळ्यातील की उन्हाळ्यातील, असे विचारण्यासारखेच ते आहे. फिरण्याचा मार्ग हाही घराचाच भाग असतो.

बर्फपट्ट्यात थेट अडकलेल्या माणसांनी या प्राण्यास जवळून पाहिले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. शॅकल्टनच्या मोहिमेतील जहाज बर्फात चिरडले गेल्यावर तिचे सदस्य हिमखंडावर तळ ठोकून राहिले होते. १९१६ च्या आरंभी थॉमस ऑर्ड-लीस या सदस्याचा लेपर्ड सीलने पाठलाग केला आणि फ्रँक वाइल्ड याने गोळी घालून त्यास ठार केले. अशा प्रसंगांमुळे या प्राण्याची प्रतिमा क्रूर श्वापदाची झाली. जुलै २००३ मध्ये ब्रिटिश संशोधक कर्स्टी ब्राउन यांचा रोथेरा तळाजवळ लेपर्ड सीलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ही दुर्घटना विसरता येणार नाही. मात्र शतकभरातील असंख्य भेटींच्या तुलनेत असे प्रसंग अत्यंत विरळ आहेत, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

३. गणतीचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतर अंटार्क्टिकात व भोवतालच्या बेटांवर स्थायी तळ उभे राहिले. ऑस्ट्रेलियाने १९४७ मध्ये हर्ड बेटावर आणि १९४८ मध्ये मॅक्वारी बेटावर तळ स्थापन केला. मोहिमेची जहाजे उन्हाळ्यात येऊन जात, परंतु लेपर्ड सील या बेटांवर येतो तो हिवाळ्यात. माणसाने तेथे हिवाळा काढण्यास सुरुवात केली तेव्हाच तो नियमित येतो, हे स्पष्ट झाले. सील नव्याने आला नव्हता, त्याला पाहणारा नव्याने आला होता.

मॅक्वारी बेटावरील १९४९ ते १९७९ या तीस वर्षांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. काही वर्षी सील मोठ्या संख्येने येत, काही वर्षी अत्यल्प, आणि हे चढउतार साधारण चार-पाच वर्षांच्या अंतराने होत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंटार्क्टिक सीलांमधील अशा आवर्तनांचा संबंध प्रशांत महासागरातील एल निनोशी निगडित दोलनांशी जोडण्यात आला. ज्या एल निनोची बातमी मराठवाड्यातील शेतकरी जून महिन्यात धास्तीने ऐकतो, त्याचाच संबंध दूरच्या बेटावरील सीलांच्या ये-जा करण्याशी असू शकतो, हे भूगोलाच्या अध्यापकांनी वर्गात आवर्जून सांगावे असे आहे.

एकूण संख्येचा इतिहासही उद्बोधक आहे. जुन्या अंदाजांत लेपर्ड सीलची संख्या २ लाख २० हजार ते ४ लाख ४० हजार मानली जात होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक देशांनी मिळून केलेल्या पाहणीवर आधारित अंदाज सुमारे ३५ हजारांचा आहे आणि त्याचीही कमाल व किमान मर्यादा फार विस्तृत आहे. यावरून संख्या एकदशांशावर घसरली, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मोजण्याची पद्धत बदलली, हे त्यामागचे प्रमुख कारण आहे. जहाजातून किंवा विमानातून फक्त बर्फावर पहुडलेला सील मोजता येतो, पाण्यातला नाही. प्रजननकाळात लेपर्ड सील पाण्याखाली दीर्घ स्वर काढतात. ऑस्ट्रेलियातील संशोधक ट्रेसी रॉजर्स यांनी या स्वरांच्या ध्वनिमुद्रणाचा उपयोग त्यांच्या अभ्यासासाठी केला. डोळ्यांनी न दिसणारा प्राणी कानांनी सापडतो, तेव्हा जुन्या नकाशावरील रिकामी जागा खरोखरच रिकामी होती काय, याविषयी शंका घ्यावी लागते.

या ज्ञानाची कायदेशीर बाजूही पाहिली पाहिजे. अंटार्क्टिक सीलांच्या संवर्धनासाठी १९७२ मध्ये लंडन येथे आंतरराष्ट्रीय करार झाला व तो १९७८ मध्ये अमलात आला. त्यात लेपर्ड सीलच्या शिकारीची वार्षिक कमाल मर्यादा १२ हजार ठेवण्यात आली. प्रत्यक्षात तेवढी शिकार कधी झाली नाही. परंतु आजचा अंदाज ग्राह्य धरला तर ही मर्यादा एकूण संख्येच्या सुमारे एक तृतीयांश भरते. संवर्धनाच्या हेतूने ठरवलेली मर्यादाही तत्कालीन अंदाजाएवढीच विश्वासार्ह असते, हा धडा प्रशासनाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे.

४. उत्तरेकडील नोंदी : ‘भरकटलेला’ ते ‘रहिवासी’

लेपर्ड सील दक्षिण अमेरिका, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या किनाऱ्यांवर अधूनमधून दिसत आला आहे. प्रशांत महासागरातील कुक बेटांवरही त्याची नोंद झालेली आहे. ही बेटे विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २१ अंशांवर, म्हणजे उष्ण कटिबंधात आहेत. अशा नोंदींचे स्पष्टीकरण बराच काळ एकाच शब्दात दिले जाई : भरकटलेला. आजारी, अननुभवी किंवा भुकेला सील प्रवाहाबरोबर वाहत आला, असे मानले जात असे. कुक बेटांसारख्या एखाद्या नोंदीबाबत ते खरेही असेल.

न्यूझीलंडमध्ये मात्र वेगळे चित्र दिसू लागले. तेथील संशोधकांनी जुनी वृत्तपत्रे, संग्रहालयांतील नमुने, शासकीय दप्तरे आणि नागरिकांनी कळवलेल्या नोंदी एकत्र केल्या. हे काम प्राणिशास्त्राचे असले तरी त्याची पद्धत इतिहासकाराची होती. त्यातून दिसले की सील वर्षाच्या सर्व ऋतूंत येतात, त्यांतील अनेक धष्टपुष्ट असतात, काही ओळखता येणारे सील पुनःपुन्हा दिसतात आणि पिलांच्या जन्माच्याही नोंदी आहेत. ऑकलंडच्या बंदर परिसरात तर एक मादी वर्षानुवर्षे दिसत राहिली. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या धोकावर्गीकरणात लेपर्ड सीलचा दर्जा ‘भरकटलेला’ यावरून ‘रहिवासी’ असा बदलण्यात आला आणि या संशोधनाचा सविस्तर निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. चिलीच्या दक्षिण टोकाकडील खाड्यांमध्येही हे सील नियमित आढळतात.

हा बदल केवळ शब्दाचा नाही. जो प्राणी भरकटलेला, त्याच्यासाठी धोरण आखण्याची गरज भासत नाही. तो मेला तर अपघात आणि परत गेला तर प्रश्न मिटला. जो रहिवासी, त्याच्यासाठी धक्क्यावर फलक लागतो, कुत्रा मोकळा सोडू नये असा नियम होतो आणि माणसांनी किती अंतर राखावे हे ठरते. वर्गवारी बदलली की माणसाचे कर्तव्य बदलते.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. उत्तरेकडे सील वाढत आहेत ते हवामानबदलामुळे, म्हणजे ते आता नव्याने रहिवासी झाले आहेत, असेही म्हणता येईल. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंटार्क्टिकाचा सागरी बर्फ सुमारे १७० लाख चौरस किलोमीटरवरच थांबला. उपग्रहीय मोजणी सुरू झाल्यापासूनचा तो हिवाळ्यातील नीचांक होता. बर्फ घटला तर बर्फावर विसंबणाऱ्या प्राण्याचा वावर बदलणार, हे उघड आहे. तथापि जुन्या नोंदी नीट गोळा केलेल्या नसतील तर ‘नवे’ काय आणि ‘जुनेच, पण न पाहिलेले’ काय, हे सांगता येत नाही. हवामानबदलाचा परिणाम सिद्ध करण्यासाठीही आधी इतिहास लागतो.

५. गोव्याहून बर्फपट्ट्याकडे

६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ सदस्यांची पहिली भारतीय मोहीम ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेजियन जहाजाने गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. डॉ. कासिम यांनी त्यापूर्वी दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालकपद भूषविले होते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेमुळे गोवा हे भारतीय सागरी विज्ञानाचे केंद्र बनले होते. ऑगस्ट १९८३ मध्ये भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला आणि पुढच्याच महिन्यात त्यास सल्लागार सदस्याचा दर्जा मिळाला.

१९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेचे नेतृत्व डॉ. हर्ष गुप्ता यांनी केले. ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले भारतीय स्थानक याच मोहिमेत उभारले गेले. डॉ. अदिती पंत आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञही याच मोहिमेच्या सदस्य होत्या. नागपूर येथे जन्मलेल्या व औंधच्या पंत घराण्यातील डॉ. अदिती पंत या पुणे विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. सागरातील सूक्ष्म वनस्पती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या सूक्ष्म वनस्पतींवर क्रिल जगते आणि क्रिलवर पेंग्विन, क्रॅबईटर सील व स्वतः लेपर्ड सील जगतात. लेपर्ड सीलचे विस्तारक्षेत्र हे अखेरीस या अन्नाचे विस्तारक्षेत्र आहे. त्या अर्थाने एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीचे संशोधन या प्राण्याच्या अधिवासाच्या पायाशी भिडलेले होते.

भारतीय स्थानकांची जागा आपल्या मूळ मुद्द्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. दक्षिण गंगोत्री बर्फाखाली गाडले जाऊ लागल्याने वापरातून काढावे लागले. १९८९ मध्ये उभारलेले ‘मैत्री’ स्थानक शिर्माकर टापूच्या खडकाळ भूमीवर, सागरी बर्फकड्यापासून शंभरेक किलोमीटर आत आहे. तेथून भूगर्भ, हवामान व सरोवरे यांचा अभ्यास उत्तम होतो, पण सील दिसत नाही. २०१२ मध्ये सुरू झालेले ‘भारती’ स्थानक मात्र लार्समन टेकड्यांवर, प्रिड्झ उपसागराच्या किनाऱ्याला आहे. याच उपसागरातील प्रौढ लेपर्ड सीलांच्या हालचालींचा उपग्रहाद्वारे मागोवा घेणारा ऑस्ट्रेलियन संशोधकांचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. या उपसागराच्या उत्तरेस हिंदी महासागराच्या दक्षिण भागात कर्गेलेन व हर्ड ही बेटे आहेत. आपल्या महासागराचे नाव घेतलेल्या जलविभागातच लेपर्ड सीलचे एक घर आहे, असे म्हणता येते.

१९९८ मध्ये गोव्यात वास्कोजवळ हेडलँड सडा येथे ध्रुवीय संशोधनाचे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. २०१८ पासून ते राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या नावाने ओळखले जाते. संसदेने २०२२ मध्ये भारतीय अंटार्क्टिक अधिनियम संमत केला. त्यानुसार परवान्याविना तेथील सील, पेंग्विन आदी प्राण्यांना इजा करणे वा त्यांचा उपद्रव करणे प्रतिबंधित आहे. ज्या प्राण्यास भारतीय किनाऱ्याने कधी पाहिले नाही, त्याच्या संरक्षणाची जबाबदारी भारतीय कायद्याने स्वीकारली आहे.

६. ठाणे जिल्ह्यातील बिबट्या : तोच प्रश्न

आता पुन्हा कोपरकडे वळू. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये जिल्ह्यातील वन्य प्राण्यांत वाघ व बिबट्या यांचा समावेश आहे. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये व कल्याणपर्यंतचा मार्ग १८५४ मध्ये सुरू झाला होता. म्हणजे रेल्वे धावू लागल्यानंतरच्या काळातही बिबट्या या जिल्ह्याच्या नोंदीत आहे. त्याहून जुनी नोंद दगडाची आहे. मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या भागांतील वाघोबाच्या दीडशेहून अधिक देवस्थानांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात करण्यात आली. वारली समाजाच्या श्रद्धेत वाघोबा हा शेजारी आहे, पाहुणा नव्हे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रात व लगतच्या भागात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने २०१५ मध्ये ३५ आणि २०१८ मध्ये ४७ बिबटे ओळखण्यात आले. उद्यानाच्या कुंपणाशी बिबट्याचे घर संपत नाही, हे ‘आजोबा’ या बिबट्याच्या प्रवासाने दाखवले. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या या नरास २००९ मध्ये विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी वनखात्याच्या सहकार्याने गळपट्टा बसवून माळशेज घाटात सोडले. महिन्याभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून, महामार्ग व लोहमार्ग ओलांडून आणि वसईची खाडी पोहून तो मुंबईच्या जंगलात पोहोचला. कोपरच्या काठाने जाणारे उल्हास खाडीचे पाणीच पुढे वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने आजोबाचा मृत्यू झाला. तो वाट चुकला नव्हता. त्याच्या वाटेवर आपण रस्ता बांधला होता.

‘वाट चुकलेला’ या शब्दाची किंमत माणसांनाही मोजावी लागली आहे. चुकलेल्या प्राण्यास पकडून ‘योग्य’ जंगलात सोडणे, हा त्या शब्दातून निघणारा स्वाभाविक उपाय होता. जुन्नर परिसरात असे स्थलांतर सुरू झाल्यावर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ पर्यंत वाढल्याचे अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ मधील निबंधात दाखवले आहे. मुंबईच्या उद्यान परिसरात २००२ ते २००४ या काळात वाढलेल्या हल्ल्यांमागे, बाहेरून पकडलेले बिबटे तेथे सोडणे हेही एक कारण असल्याचे अभ्यासक मानतात. त्या हल्ल्यांत गेलेल्यांत पाड्यांवरची व झोपड्यांतील लहान मुले होती. म्हणून या विवेचनाचा हेतू प्राण्याच्या बाजूने भावनिक वकिली करण्याचा नाही. चुकीच्या वर्गवारीमुळे चुकीचा उपाय होतो आणि त्याचा फटका ज्यांच्या घराला दार नाही त्यांना प्रथम बसतो, एवढेच येथे अधोरेखित करावयाचे आहे.

दोन्ही उदाहरणांत फरकही आहे. लेपर्ड सील व माणूस यांची गाठ क्वचित पडते. बिबट्या मात्र आपल्या उसात, कचराकुंडीजवळ व जिन्याखाली येतो. त्यामुळे न्यूझीलंडमधील तोडगा येथे जसाच्या तसा लागू होणार नाही. कचऱ्याची विल्हेवाट, रात्रीचा प्रकाश, पाड्यांवरील शौचालये आणि गर्दीचे नियंत्रण हे आपले प्रश्न आहेत आणि ते नगरपालिकेचे आहेत, केवळ वनखात्याचे नाहीत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. लेपर्ड सीलच्या विस्तारक्षेत्राचा नकाशा शिकारीची जहाजे, संशोधन मोहिमा, हिवाळी तळ, ध्वनिमुद्रण व उपग्रह अशा क्रमाने घडला. प्रत्येक टप्प्यावर त्याची सीमा ही बव्हंशी निरीक्षकाच्या पोहोचीची सीमा होती.

२. ‘भरकटलेला’ ही वर्गवारी अनेकदा अपुऱ्या नोंदींचा परिणाम असते. न्यूझीलंडमध्ये जुन्या-नव्या नोंदी एकत्र येताच ती बदलावी लागली.

३. संख्येचे अंदाज व त्यांवर आधारित कायदेशीर मर्यादा यांना मोजणीच्या पद्धतीचा इतिहास असतो. तो न पाहता केलेली तुलना दिशाभूल करते.

४. गोव्यातून सुरू झालेल्या भारतीय मोहिमांमुळे हा प्रदेश आपल्या ज्ञानाच्या व कायद्याच्या कक्षेत आला आहे. मराठी अभ्यासकांनी त्याकडे परका विषय म्हणून पाहण्याचे कारण नाही.

५. ठाणे जिल्ह्यातील बिबट्या हा ऐतिहासिक दृष्ट्या येथील रहिवासी आहे. त्यास वाट चुकलेला मानून आखलेली धोरणे माणसांसाठीही अपायकारक ठरली आहेत.

न्यूझीलंडमधील संशोधकांनी जे केले ते आपल्या महाविद्यालयांतही शक्य आहे. गॅझेटियर, ग्रामपंचायतींची दप्तरे, जुनी स्थानिक वृत्तपत्रे, वाघोबाची ठाणी आणि कोपर, भोपर, मलंगगड परिसरातील वृद्धांच्या आठवणी यांतून उल्हास खोऱ्यातील बिबट्याचा इतिहास इतिहास, प्राणिशास्त्र व मराठी या विभागांच्या विद्यार्थ्यांना मिळून लिहिता येईल. पुढच्या वेळी एखाद्या इमारतीत बिबट्या शिरेल तेव्हा तो कोठून आला, या प्रश्नाबरोबरच तो येथे केव्हापासून आहे, या प्रश्नाचे उत्तरही आपल्या ग्रंथालयात लिखित स्वरूपात उपलब्ध असावे.